स्टेडियम पडले, कर्ज उरले

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल शहरात २६ मार्च २००० रोजी, रविवारी सकाळी, हजारो नागरिक टेकड्यांवर आणि इमारतींच्या गच्च्यांवर गोळा झाले होते. शहराच्या दक्षिण भागातील ‘किंगडोम’ हे काँक्रीटच्या अवाढव्य घुमटाचे स्टेडियम सुरुंग लावून पाडण्यात येणार होते. ठरलेल्या वेळी स्फोट झाले आणि अवघ्या १७ सेकंदांत तो घुमट जमीनदोस्त झाला. १९७६ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूचे आयुष्य केवळ २४ वर्षांचे ठरले. ढिगारा उचलला गेला, त्या जागी दुसरे स्टेडियम उभे राहिले. पण किंगडोमच्या बांधकाम-दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते किंग कौंटी हे स्थानिक शासन २०१५ पर्यंत फेडत राहिले. अस्तित्वातच नसलेल्या वास्तूचे देणे १५ वर्षे चालू होते.

नवे क्रीडागृह हवे की नको, यावर कोणत्याही शहरात हिरीरीने वाद होतात. पैसा कोठून येणार, यावरही थोडीफार चर्चा होते. पण कर्ज नेमके कोणत्या उत्पन्नातून फेडायचे आणि ते उत्पन्न आटले तर भार कोणावर पडायचा, हा प्रश्न बहुधा करारपत्राच्या बारीक अक्षरांत दडून राहतो. सिएटलने अर्ध्या शतकात या प्रश्नाची एकामागून एक अनेक उत्तरे अजमावून पाहिली. सार्वजनिक पैशातून क्रीडागृह उभारण्याचे आणि त्याचे कर्ज फेडण्याचे जवळजवळ सर्व मार्ग या एकाच शहराच्या इतिहासात सापडतात.

कर्जरोख्यांचे गणित

अमेरिकेतील शहरे आणि कौंट्या मोठ्या बांधकामासाठी कर्जरोखे विकून पैसा उभा करतात. भारतातही हा मार्ग आता अपरिचित राहिलेला नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले होते. अमेरिकेत अशा रोख्यांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात शहर आपल्या संपूर्ण करवसुलीची हमी देते. अशा रोख्यांना व्याज कमी पडते, पण प्रकल्प फसला तरी हप्ता चुकवता येत नाही. दुसऱ्या प्रकारात परतफेड एखाद्या ठरावीक उत्पन्नाशी बांधलेली असते. उदाहरणार्थ, वाहनतळाचे शुल्क, हॉटेलांवरील कर किंवा क्रीडागृहाचे भाडे. येथे धोका रोखे घेणाऱ्याकडे सरकतो, म्हणून व्याज अधिक मागितले जाते. प्रत्यक्षात या दोहोंची सरमिसळ होते. हप्ता प्रकल्पाच्या उत्पन्नातून द्यायचा आणि ते कमी पडले तर शहराच्या सर्वसाधारण निधीतून भर घालायची, अशी ती व्यवस्था असते.

मुदत हा यातील निर्णायक भाग होय. समजा, एखाद्या शहराने १०० कोटींचे कर्ज ६ टक्के व्याजाने ३० वर्षांसाठी घेतले. समान हप्त्यांनी फेडायचे तर दरवर्षी सुमारे ७ कोटी २७ लाख द्यावे लागतील आणि अखेरीस एकूण सुमारे २१८ कोटी मोजले जातील. सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा भाग व्याजातच जातो. १३ वर्षांनी सुमारे ९४ कोटी भरून झालेले असतील, तरी मुद्दलापैकी ७६ कोटी शिल्लकच असतील. घरासाठी कर्ज घेतलेल्या कोणालाही हे गणित नवे नाही. फरक इतकाच, की घर १३ वर्षांनी जुनाट ठरत नाही. व्यावसायिक खेळांच्या क्रीडागृहाबाबत मात्र तशी शाश्वती नसते.

अमेरिकी कायद्यातील एका तरतुदीमुळे हे गणित आणखी विचित्र झाले आहे. स्थानिक शासनांच्या कर्जरोख्यांवरील व्याजाला केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही. त्यामुळे ते स्वस्तात कर्ज उभारू शकतात. खासगी संघांनी या सवलतीचा लाभ उठवू नये म्हणून १९८६ च्या करसुधारणा कायद्याने एक अट घातली. ज्या वास्तूचा वापर प्रामुख्याने खासगी आहे, तिच्या कर्जफेडीतील १० टक्क्यांहून अधिक रक्कम त्या वास्तूच्याच उत्पन्नातून येत असेल, तर रोख्यांची करमुक्ती जाते. हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. करमुक्त रोखे टिकवायचे तर संघाकडून फारसे भाडे घ्यायचे नाही आणि परतफेड सर्वसामान्य करांतूनच करायची, असा मार्ग शहरांनी काढला. ही पळवाट बुजवण्यासाठी सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९९६ मध्ये विधेयक आणले होते. ते संमत झाले नाही.

पाहुण्यांच्या खिशातून

किंगडोमसाठी किंग कौंटीच्या मतदारांनी १९६८ मध्ये ४ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली होती. प्रत्यक्ष खर्च ६ कोटी ७० लाखांवर गेला. जुलै १९९४ मध्ये बेसबॉलच्या एका सामन्याच्या काही तास आधी छताच्या आतील बाजूच्या जड फरशा प्रेक्षकांच्या आसनांवर कोसळल्या. सुदैवाने तेव्हा तेथे प्रेक्षक नव्हते. मात्र पुढे दुरुस्तीच्या कामात क्रेनच्या अपघातात दोन कामगारांचा बळी गेला. या दुरुस्तीवर सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर खर्च झाले आणि कर्जाच्या बोजात भर पडली. त्यानंतर सहाच वर्षांनी ही वास्तू पाडण्यात आली.

हे देणे मुख्यतः हॉटेलांच्या खोल्यांवरील करातून फेडले गेले. असा कर राजकीयदृष्ट्या सोयीचा असतो. तो भरणारा पाहुणा असतो, त्याचे त्या शहरात मत नसते आणि बिलाच्या तळाशी असलेल्या दोन टक्क्यांकडे त्याचे लक्षही जात नाही. पण पाहुण्यांकडून मिळालेला पैसाही अखेर सार्वजनिकच असतो. स्टेडियम नसते तर तोच कर शहराच्या दुसऱ्या कामी आला असता. ही संधी गमावणे हीसुद्धा किंमतच आहे, जरी ती कोणत्याही पावतीवर छापली जात नसली.

मतदारांनी नाकारले, कायदेमंडळाने दिले

किंगडोममध्ये खेळणाऱ्या मरिनर्स या बेसबॉल संघाला स्वतंत्र मैदान हवे होते. त्यासाठी विक्रीकरात एक दशांश टक्क्याची वाढ करावी, असा प्रस्ताव सप्टेंबर १९९५ मध्ये कौंटीच्या मतदारांपुढे आला आणि तो अगदी थोडक्या मतांनी फेटाळला गेला. ऑक्टोबरअखेर तोडगा निघाला नाही तर संघ विकायला काढू, असा इशारा मालकांनी दिला होता. योगायोगाने त्याच हंगामात हा संघ कधी नव्हे इतका तळपला आणि न्यूयॉर्क यांकीजवरील नाट्यमय विजयाने शहर भारावून गेले. त्याच ऑक्टोबरमध्ये राज्याच्या कायदेमंडळाचे विशेष अधिवेशन भरले आणि निधीची वेगळी योजना मंजूर झाली.

या योजनेत किंग कौंटीतील उपाहारगृहे आणि मद्यालयांच्या बिलांवर अर्धा टक्का, भाड्याच्या मोटारींवर दोन टक्के कर आणि सामन्यांच्या तिकिटांवरील कर होता. राज्याच्या विक्रीकरातील छोटा वाटा आणि लॉटरीचे उत्पन्नही तिला जोडले होते. जुलै १९९९ मध्ये खुल्या झालेल्या या मैदानाचा एकूण खर्च ५१ कोटी ७० लाख डॉलर झाला. सार्वजनिक वाट्यावर कमाल मर्यादा असल्याने वाढीव खर्च संघाला सोसावा लागला. सिएटलची अर्थव्यवस्था तेजीत होती, लोक भरपूर बाहेर जेवत होते; त्यामुळे कर्ज मुदतीआधीच फिटले आणि २०११ मध्ये उपाहारगृहांवरील तो कर रद्द झाला. हा या कथेतील यशस्वी अध्याय म्हणता येईल. तरीही मतदारांचा कौल महिनाभरातच बाजूला सारला गेला, ही सल अनेक सिएटलवासीयांच्या मनात राहिली.

अमेरिकन फुटबॉलच्या सीहॉक्स संघाच्या वेळी मार्ग बदलला. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी संघ विकत घेण्यासाठी नव्या स्टेडियमची अट घातली आणि जून १९९७ मध्ये राज्यभर झालेल्या विशेष सार्वमताचा खर्चही स्वतः उचलला. मतदारांनी निसटत्या बहुमताने, सुमारे ५१ टक्के मतांनी, होकार दिला. ४३ कोटी डॉलरच्या प्रकल्पात सार्वजनिक वाटा ३० कोटींचा आणि अ‍ॅलन यांचा १३ कोटींचा ठरला. लॉटरी, विक्रीकरातील वाटा, तिकीट व वाहनतळावरील कर आणि पुढे चालू ठेवलेला हॉटेल कर हे परतफेडीचे स्रोत होते. खर्च वाढला तर तो अ‍ॅलन यांनी सोसायचा, हेही ठरले होते. लाभार्थ्यानेच मतदानाचा खर्च करावा, यावर टीका झाली. तथापि, या वेळी निर्णय मतपेटीतून आला होता.

क्रीडागृहाने स्वतःच फेडावे

तिसरा मार्ग वरकरणी सर्वांत न्याय्य वाटतो. कर लावायचा नाही. क्रीडागृहाने स्वतःच्या कमाईतून कर्ज फेडायचे. सिएटल शहराने १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या वास्तूचे १९९४-९५ मध्ये नूतनीकरण करून ‘की अरेना’ उभारली, ती याच तत्त्वावर. शहराने त्यासाठी सुमारे ७ कोटी ४५ लाख डॉलरचे कर्ज घेतले. आलिशान कक्ष, विशेष श्रेणीची आसने आणि नामकरणाचे हक्क यांतून हप्ते निघतील, असा हिशेब होता. येथे एनबीएमधील सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ खेळत असे.

पहिली काही वर्षे हिशेब जुळला. मग शेजारीच बेसबॉल आणि फुटबॉलची दोन नवी स्टेडियम उभी राहिली आणि आलिशान कक्ष भाड्याने घेणाऱ्या कंपन्या तिकडे वळल्या. सार्वजनिक पैशातून उभारलेली एक वास्तू सार्वजनिक पैशातून उभारलेल्या दुसऱ्या वास्तूची गिऱ्हाइके पळवू लागली. इंटरनेट कंपन्यांचा फुगाही फुटला. उत्पन्न घटल्यावर हप्त्यातील तूट शहराच्या सर्वसाधारण निधीतून, म्हणजे ज्यातून पोलीस, उद्याने, ग्रंथालये चालतात त्या पेटीतून, भरावी लागली. कर न लावताही भार करदात्यावरच आला होता.

नूतनीकरणाला जेमतेम १० वर्षे होत असतानाच की अरेना लहान आणि अपुरी असल्याचे संघाचे म्हणणे पडले. स्टारबक्सचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ तेव्हा संघाचे मालक होते. त्यांनी सुमारे २२ कोटी डॉलरच्या नूतनीकरणासाठी कायदेमंडळाकडे सार्वजनिक निधी मागितला. तो मिळाला नाही. २००६ मध्ये त्यांनी संघ ओक्लाहोमा सिटीतील गुंतवणूकदारांना विकला. नव्या मालकांनी २००७ मध्ये सिएटलजवळच्या रेंटन येथे ५० कोटी डॉलरच्या नव्या क्रीडागृहाचा प्रस्ताव मांडला. तोही नाकारला गेला. २००८ मध्ये, भाडेकराराची दोन वर्षे शिल्लक असताना, संघ शहर सोडून निघाला. प्रकरण न्यायालयात गेले आणि ४ कोटी ५० लाख डॉलर घेऊन शहराने तडजोड केली. ४१ वर्षांचा संघ गेला. लहानपणी वडिलांचे बोट धरून सामन्याला गेलेल्या आणि आता आपल्या मुलांना नेऊ पाहणाऱ्या पिढीच्या दृष्टीने ही हानी पैशात मोजण्याजोगी नव्हती. संघ गमावण्याची ही भीती खरी असते, म्हणूनच वाटाघाटीच्या टेबलावर मालकांच्या हाती ती सर्वांत प्रभावी पान ठरते.

परताव्याची अट

संघ अजून शहरातच असताना, नोव्हेंबर २००६ मध्ये, सिएटलच्या मतदारांनी एक वेगळे पाऊल उचलले. ‘इनिशिएटिव्ह ९१’ या नावाने ओळखला जाणारा प्रस्ताव त्यांनी सुमारे तीन चतुर्थांश मतांनी मंजूर केला. त्यातील अट साधी होती. व्यावसायिक संघांच्या क्रीडागृहात शहराने पैसा गुंतवला, तर त्यावर निदान अमेरिकी सरकारच्या ३० वर्षांच्या रोख्यांइतका परतावा शहराला रोखीत मिळाला पाहिजे. ‘शहराची प्रतिष्ठा वाढेल’, ‘पर्यटन फोफावेल’ अशा अप्रत्यक्ष लाभांना हिशेबात स्थान नव्हते.

अशा लाभांबाबत अर्थशास्त्रज्ञ दीर्घकाळ साशंक आहेत. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष असा, की क्रीडागृहांमुळे स्थानिक अर्थव्यवस्थेत पडणारी भर नगण्य असते. कारण समजण्यास सोपे आहे. करमणुकीवर महिन्याला ठरावीक रक्कम खर्चणारे कुटुंब सामन्याला गेले की त्या महिन्यात चित्रपट किंवा हॉटेल टाळते. पैसा शहरात नव्याने येत नाही. एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात जातो. त्यातही खेळाडूंच्या आणि मालकांच्या हाती गेलेला पैसा पुष्कळदा शहराबाहेर जातो.

नव्या अटीनंतर प्रस्तावांची भाषाच बदलली. २०१२ मध्ये ख्रिस हॅन्सन या गुंतवणूकदाराने एनबीएचा संघ परत आणण्यासाठी सुमारे ४९ कोटी डॉलरच्या क्रीडागृहाची योजना मांडली. शहर आणि कौंटी मिळून जास्तीत जास्त २० कोटी डॉलरचे कर्ज उभारणार होती. ते क्रीडागृहाचे भाडे आणि तेथेच निर्माण होणारे कर यांतून फिटायचे होते. कर कमी पडले तर हॅन्सन यांच्या कंपनीने वाढीव भाडे देऊन तूट भरायची होती. संघ निश्चित झाल्याशिवाय सार्वजनिक पैसा बाहेर पडणार नव्हता. ऑक्टोबर २०१२ मध्ये दोन्ही मंडळांनी या कराराला मान्यता दिली.

की अरेनाच्या अनुभवातून शहर शिकले होते, हे या अटींवरून दिसते. तरीही एक शंका उरत होती. क्रीडागृहात निर्माण होणारा तिकीट कर आणि विक्रीकर खरोखर नवा किती आणि एरवीही शहराच्या तिजोरीत आलाच असता असा किती? दुसरा आक्षेप जागेबद्दलचा होता. बंदराच्या मालवाहतुकीत अडथळा येईल, असे बंदर प्रशासनाचे म्हणणे होते. अखेर मे २०१६ मध्ये, या जागेतून जाणारा रस्ता प्रकल्पासाठी सोडून देण्याचा प्रस्ताव नगर परिषदेने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. त्याच वर्षी पुढे हॅन्सन यांनी सार्वजनिक निधीशिवाय क्रीडागृह बांधण्याची तयारी दाखवली. जो पैसा चार वर्षांपूर्वी अपरिहार्य वाटत होता, त्याच्यावाचूनही गाडी पुढे जाऊ शकते, हे त्यातून उघड झाले.

खासगी पैसा, सार्वजनिक छत

नवे क्रीडागृह शेवटी उभे राहिले ते जुन्याच जागी. डिसेंबर २०१७ मध्ये नगर परिषदेने ‘ओक व्ह्यू ग्रुप’ या कंपनीशी की अरेनाच्या पुनर्बांधणीचा करार मंजूर केला. १९६२ चे वारसा छत अधांतरी तोलून धरत त्याखाली खोल खणून जवळजवळ संपूर्ण नवी वास्तू उभारण्यात आली. सुरुवातीला ६० कोटी डॉलरचा असलेला अंदाज ११५ कोटींच्या वर गेला; हा वाढीव भार कंपनीने उचलला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘क्लायमेट प्लेज अरेना’ या नावाने ते खुले झाले आणि आइस हॉकीचा क्राकेन हा नवा संघ तेथे खेळू लागला. जमीन आणि वास्तू यांची मालकी शहराकडेच आहे. कंपनीकडे ३९ वर्षांचा भाडेकरार आहे.

याचा अर्थ शहराचे काहीच पणाला लागले नाही, असा नव्हे. मोक्याची सार्वजनिक जमीन आणि छत दीर्घकाळासाठी एका कंपनीच्या हाती सोपवणे हीसुद्धा गुंतवणूकच आहे. पण मूळ अंदाज जवळपास दुप्पट झाला तेव्हा त्याचे बिल नागरिकांच्या दारी आले नाही, हा किंगडोमपासूनच्या प्रवासातला ठळक फरक आहे. हे सर्वच शहरांना साधेल असेही नाही. सिएटल हे श्रीमंत शहर आहे. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या परिसरात वसलेली बाजारपेठ कोणत्याही गुंतवणूकदाराला भुरळ घालणारी आहे. लहान शहराला इतकी कणखर अट घालता येणे अवघड असते.

तरीही नव्या क्रीडागृहाचा प्रस्ताव आला की नागरिकांनी विचारावेत असे चार प्रश्न सिएटलच्या अनुभवातून निघतात. कर्जफेडीचा स्रोत कोणता आणि तो खरोखर नवा आहे की दुसरीकडून वळवलेला? उत्पन्न कमी पडले तर तूट कोण भरणार? अंदाजापेक्षा खर्च वाढला तर वाढीव रक्कम कोणाची? आणि संघाचा करार कर्जाच्या मुदतीइतका आहे की त्याहून लहान? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असून चौथ्याचे नसेल, तर शहर आपल्या नावावर कर्ज ठेवून घेत आहे आणि ते फेडण्यास मदत करणाऱ्याला निघून जाण्याची मुभा देत आहे.

२०१५ मध्ये किंगडोमचे कर्ज अखेर फिटले, तेव्हा त्या जागी उभ्या असलेल्या नव्या स्टेडियमलाही १३ वर्षे होत आली होती. घुमट पडला त्या वर्षी जन्मलेली मुले तोवर पंधरा वर्षांची झाली होती. जे स्टेडियम त्यांनी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, त्याचे देणे त्यांच्या लहानपणभर त्यांच्या कौंटीच्या वह्यांत नोंदलेले होते.